नमुना खराब निघाल्यास

आमच्या कंपनीने जगभर रस्ते आणि रेल्वेमार्ग बांधले आहेत, असं आमच्या वेबसाइटवर लिहिलंय. बांधले वगैरे काही नाही. नाशकात पाथर्डी फाट्याजवळ, एका मिसळीच्या हॉटेलाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर बसून आम्ही त्यांची डिझाइनं करतो. बांधणारे तिकडे बांधतात. आम्ही ज्या सर्व्हिस रोडने ऑफिसला येतो, त्यावरचा खड्डा मात्र मी नोकरीला लागलो तेव्हापासून तसाच आहे. एकदा आमच्याच पुलांच्या विभागातला एक जण त्यात स्कूटरसकट पडला. बरं झाल्यावर त्याने आखाती देशातल्या एका आठपदरी रस्त्याचं डिझाइन पूर्ण केलं.

मी धम्मपाल पगारे. या दिक्पथ इंजिनिअरिंगमध्ये क्वालिटी बघतो. म्हणजे बाकीचे काम करतात आणि त्यांनी ते ठरल्याप्रमाणे केलं की नाही, हे मी तपासतो. त्यामुळे ऑफिसात माझ्यावर कुणाचं फार प्रेम नाही. मी कॅन्टीनमध्ये शिरलो की लोक पटापट डबे बंद करतात. अपवाद एकट्या नवनाथ गांगुर्डेचा. तो मला बघून डबा पुढे सरकवतो.

नवनाथ मूळचा चांदवडकडचा. पूल हा त्याचा विषय. तीन खंडांत त्याचे पूल उभे आहेत आणि त्याने त्यातला एकही पाहिलेला नाही. परदेशी साइटवर जायची त्याची वेळ येते आणि हुकते, असं वर्षानुवर्षं चाललेलं. एकदा व्हिसा आडवा आला, एकदा करोना, आणि बाकी सगळ्या वेळा दीपक सर. दीपक बोरस्ते म्हणजे आमचे मालक. नवनाथची बॅग भरून झाली की त्यांना आठवायचं की क्लायंटशी संबंध जपायला मालकानेच जायला हवं. मग ते जायचे आणि नवनाथच्या पुलासमोर गॉगल लावून काढलेला फोटो ग्रुपवर टाकायचे. आम्ही सगळे अंगठे दाखवायचो. नवनाथ फोटो मोठा करकरून सरांच्या मागे बघत बसायचा.

"सर जरा डावीकडं सरकले असते तर पुलाखालचं बेअरिंग दिसलं असतं," म्हणायचा.

त्याच्या बायकोची, उज्वलावहिनींची, पंचाईत वेगळी होती. त्या हौसेने इंदिरानगरातल्या सोसायटीत सांगून बसायच्या, सोसायटीवाले लगेच निरोप समारंभ ठेवायचे, आणि चार दिवसांनी शाल पांघरलेला सत्कारमूर्ती खाली गिरणीत दळण घेऊन उभा दिसायचा. असं दोनदा झालं. तेव्हापासून नवनाथ सोसायटीच्या मागच्या गेटने ये-जा करतो.

"मला काय तिकडं मॉल नाय बघायचे, धम्मा," तो मला म्हणायचा. "मी केलेल्या एका तरी पुलाला हात लावायचाय. एकदा. या टोकाकडून त्या टोकाकडं चालायचंय. बास."

हे ऐकलं की मला दीपक सरांचा राग यायचा, आणि राग आला की मी सरांच्या प्रवासखर्चातल्या चुका काढायचो. त्याने नवनाथचं काही भलं होत नसे, पण माझं डोकं शांत व्हायचं.

तर या नवनाथकडे एका बर्फाळ देशातला पूल आला. देशाचं नाव सांगत नाही, करारात तसं कलम आहे. नकाशात वरच्या बाजूला, जिथे रंग पांढरा होत जातो, तिथे कुठेतरी. खालून रेल्वे, वरून रस्ता. पुलाच्या कडेला साठलेला बर्फ आपोआप घसरून खाली ठेवलेल्या पन्हळीत पडला पाहिजे, रुळांवर पडता कामा नये, अशी त्यांची अट होती. आता चांदवडच्या माणसाने बर्फ पाहिला कुठे? नवनाथने घरच्या फ्रीजचा डीप फ्रीझर उघडला, त्यात साचलेला बर्फ उलथण्याने खरवडला आणि पोळपाट तिरका धरून तो कधी घसरतो ते बघत बसला. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण कठड्याचा उतार त्याने ठरवला, आणि तिकडच्या तज्ज्ञांनी तो एका अंशाचाही बदल न करता मंजूर केला. पोळपाटाचा उल्लेख आम्ही अहवालात केला नाही.

आता नारळाकडे येतो.

आमच्या ऑफिसात रीत अशी, की कुठल्याही पुलाची अंतिम ड्रॉइंगं क्लायंटच्या पोर्टलवर चढवायच्या आधी दारात नारळ फोडायचा. ज्याचं डिझाइन त्याने फोडायचा. ही रीत कुणी सुरू केली माहीत नाही. एकदा घाईत फोडायचा राहिला आणि पोर्टल बंद पडलं, एवढं सगळे सांगतात. पोर्टल दर महिन्याला बंद पडतं हे कुणी सांगत नाही. माझा या प्रकारावर काडीचा विश्वास नाही. आमच्या घरात नारळ फुटतो तो चटणीसाठी, आणि तोही बायकोने दोनदा सांगितल्यावर. पण खोबऱ्याचा वाटा मात्र मी कधी सोडला नाही. तत्त्व वेगळं आणि खोबरं वेगळं.

बर्फाच्या पुलाची ड्रॉइंगं तयार झाली, त्याच आठवड्यात क्लायंटकडून तपासणीला एक बाई आल्या. कारीन नाव. उंच, शांत, आणि कागदाला कागद लावून बघणाऱ्या. मला त्या बघताक्षणी आवडल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं, जे तुम्ही करता ते लिहा आणि जे लिहिलंय ते करा. मी हेच गेली कित्येक वर्षं या ऑफिसात बोंबलून सांगतोय, पण मी पगारे पडलो. बाईंनी सांगितल्यावर दीपक सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाई जिन्यातून वर येत होत्या आणि नवनाथ दारात नारळ घेऊन उभा होता. सरांनी त्याला लांबून हातवारे केले. नवनाथला वाटलं, सर म्हणतायत जोरात. त्याने तो असा आपटला की एक करवंटी बाईंच्या बुटावर गेली आणि पाणी सरांच्या पँटवर.

सर बाईंना सांगायला लागले की हा एक जुना, अडाणी प्रकार आहे आणि तो आजपासून बंद. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्यांनी मला विचारलं, "हे तुम्ही प्रत्येक वेळी करता?"

"प्रत्येक वेळी," मी म्हणालो. क्वालिटीचा माणूस खोटं बोलत नाही.

"मग हे लिहिलेलं कुठे आहे?"

लिहिलेलं कुठेच नव्हतं. बाईंनी शेरा मारला, की ड्रॉइंग सोडण्याआधी या ऑफिसात एक अनियंत्रित क्रिया केली जाते. एक तर ती बंद करा, नाही तर तिची कार्यपद्धती लिहा. सर म्हणाले, बंद करतो. त्यावर पुलांचा अख्खा विभाग खुर्च्या मागे सारून उभा राहिला. नवनाथ म्हणाला, "सर, नारळाशिवाय माझा पूल जाणार नाय. तुमच्या नावावर पाठवायचा तर पाठवा." स्वतःच्या नावावर पूल पाठवायची सरांची छाती नव्हती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अशा रीतीने या ऑफिसातल्या एकमेव नास्तिकाने नारळाची कार्यपद्धती लिहिली. संध्याकाळी बसलो आणि चिडून चिडून लिहिली. चिडलो की माझी भाषा फार शुद्ध होते. इंग्रजीतून मराठीत आणायचं तर असं काहीतरी: प्रकाशनपूर्व नमुना-भंग चाचणी. नमुना म्हणजे नारळ. फोडणाऱ्याने हेल्मेट, चष्मा आणि हातमोजे घालावेत. नमुना एका फटक्यात फुटावा. चाचणी प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे ड्रॉइंग सोडताना आणि बांधकाम वापरासाठी खुलं करताना, करावी. आत खराब निघाल्यास काम तिथेच थांबवावं, मूळ डिझाइनरने संपूर्ण रचना स्वतः पुन्हा तपासावी, आणि खराब नमुना त्याने नष्ट करावा. नमुना खराब आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार फोडणाऱ्याचा. साक्षीदार म्हणून क्वालिटी विभागाची सही.

आणि एक कलम मी मुद्दाम घातलं. नमुना फोडण्याचा अधिकार फक्त मूळ डिझाइनरला, अन्य कोणालाही नाही. कारण दीपक सरांना हल्ली नारळसुद्धा स्वतः फोडून फोटो काढायची सवय लागली होती.

मला वाटलं होतं बाई हसतील. बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या की या वर्षात पाहिलेली ही सर्वात स्पष्ट कार्यपद्धती आहे. ती प्रकल्पाच्या गुणवत्ता आराखड्यात जोडली गेली आणि दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. सरांनी तपासणीत पास झाल्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून रिसेप्शनला लावलं, आणि सगळे विसरून गेले.

पूल उभा राहिला. तिकडचा मंत्री फीत कापणार असं ठरलं. आणि उद्घाटनाच्या पंधरवडाभर आधी कारीनबाईंचा मेल आला. सगळी कामं पूर्ण, फक्त एक बाब उघडी दिसते आहे: वापरासाठी खुलं करताना नमुना-भंग. ती मिटल्याशिवाय त्यांची संगणक प्रणाली पुलाला परवानगी देत नाही. कृपया मूळ डिझाइनरला पाठवावे.

सर माझ्या टेबलाशी आले. "पगारे, ते कलम काढून टाक."

"सर, आराखड्यात बदल करायचा तर त्यांच्या समितीची मंजुरी लागते. समिती सुट्ट्यांनंतर बसणार आहे."

"मग मी जातो आणि फोडतो."

"मूळ डिझाइनर, सर. अन्य कोणालाही नाही. तुमची सही आहे त्यावर."

मला इतकं बरं वाटत होतं की मी त्यांना बसायला खुर्ची दिली. शेवटी ठरलं की दोघे जातील. सर फीत कापताना मंत्र्याच्या शेजारी उभे राहतील आणि नवनाथ नारळ फोडेल. जो व्हिसा मागे नवनाथला आडवा आला होता, तो या वेळी पत्र बघून धावत आला.

आणि नवनाथ म्हणाला, मी जात नाही.

आम्ही खाली टपरीवर उभे होतो. चहा त्याच्या हातात गार होत होता. "सोळा वर्षं पूल केले मी, धम्मा. एकदा नेलं नाय मला. आणि आता नेतायत ते नारळ फोडायला. वेळापत्रक बघितलं का तू? रात्री उतरायचं, सकाळी फीत बांधलीय तिथं गाडीतून सोडणार, फोडायचा, पुन्हा गाडीत. दुपारचं परतीचं विमान. हॉटेलची दुसरी रात्र वाचवली सरांनी. पुलावर वीस पावलं नाय टाकता येणार मला. यापेक्षा घरी फोटो बघतो की."

त्याचे डोळे भरले होते. मला सांत्वन जमत नाही. मला फक्त कलमं पाठ असतात.

"तिथे पूल कोण थांबवू शकतं, माहितेय?" मी म्हणालो. "सर नाही. मंत्री नाही. कारीनबाई नाही. कार्यपद्धती नीट वाच. तिथे फक्त तू आहेस."

त्याने खिशातून कार्यपद्धतीचा घडी केलेला कागद काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचत राहिला. मग त्याने गार चहा ओतून दिला आणि नवीन सांगितला.

उज्वलावहिनींना त्याने फोनवर विचारलं, सोसायटीत काय सांगायचं. स्पीकरशिवाय मला ऐकू आलं. "काय सांगायचं ते माझं मी बघते. तुम्ही मुकाट्याने जा. आणि माकडटोपी घ्या."

नारळ नेण्यावरून मेल झाले. विमानतळाची भानगड नको म्हणून बाईंनी तिकडेच एका थाई दुकानातून नमुना मिळवला. त्यांनी फोटो पाठवून विचारलं, नमुन्याला वर केसांचा झुपका नाही, तो चालेल का? मी रीतसर उत्तर दिलं की शेंडीविषयी कार्यपद्धतीत काही म्हटलेलं नाही, सबब चालेल.

त्या दिवशी मी मीटिंग हॉलमध्ये मोठ्या पडद्यासमोर साक्षीदार म्हणून बसलो. उज्वलावहिनी पैठणी नेसून आल्या होत्या. मी म्हणालो, वहिनी, लग्न नाहीये. त्या म्हणाल्या, माझ्या लग्नात सुद्धा एवढी वाट नव्हती बघायला लागली.

कारीनबाईंनी फोन धरला होता. पडद्यावर आधी सगळं पांढरंच दिसलं, मग त्यातून नवनाथ आला. अंगात दोन मापांनी मोठं नारिंगी जाकीट, माकडटोपीवर हेल्मेट, डोळ्यांवर चष्मा. मागे लांबवर फीत, तिच्याशेजारी मंत्री, आणि मंत्र्याच्या अगदी खांद्याला खांदा लावून दीपक सर. नवनाथच्या पायांखाली पूल होता. तो खाली बघत नव्हता. बघितलं तर रडू येईल असं त्याने मला नंतर सांगितलं.

ठरवून ठेवलेल्या दगडावर त्याने नारळ आपटला. एका फटक्यात फुटला. दोन्ही भकलं त्याने उचलली आणि तोंडाजवळ नेऊन वास घेतला. बाईंनी फोन जवळ नेला. पडद्यावर दोन्ही भकलं स्वच्छ दिसली. खोबरं पांढरंशुभ्र होतं, मागच्या बर्फापेक्षा पांढरं.

नवनाथने कॅमेऱ्यात पाहिलं. सरळ माझ्याकडे.

"खराब," तो म्हणाला.

वहिनींनी माझ्या हाताला धरलं. "अहो पगारे, चांगलाय की तो!"

"वहिनी," मी म्हणालो, "तुम्ही साक्षीदार नाही."

बाईंनी नारळाकडे पाहिलं. चांगला नारळ कसा असतो हे त्यांना कुठून माहीत असणार? त्यांनी मला विचारलं, क्वालिटी विभागाचं काय म्हणणं आहे?

मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केलेली नाही. सरांनी दोनदा नोकरीची धमकी दिली तेव्हाही केली नाही. माझ्यापाशी गर्व करण्यासारखी तेवढी एकच गोष्ट आहे. पण कार्यपद्धतीत लिहिलं होतं, ठरवण्याचा अधिकार फोडणाऱ्याचा, आणि ते मीच लिहिलं होतं. "नमुना खराब," मी म्हणालो, आणि पडद्यासमोर सही केली. इतका आनंद झाला की मी तारीख चुकीची टाकली आणि ती खोडून परत टाकावी लागली.

बाईंनी वायरलेसवर काहीतरी सांगितलं. लांबवर फीत सोडवली जाऊ लागली. मंत्र्याने नवनाथच्या दिशेने मान झुकवून दाद दिली आणि गाडीत जाऊन बसला. तिकडे लोकांना म्हणे बरंच वाटलं, तपासणी इतकी कडक आहे म्हणून. लगेच माझा फोन वाजला.

"पगारे, काय चाललंय हे? नारळ खराब निघाला म्हणून पूल थांबवतात का कुठे?"

"कलम आहे, सर."

"आणि आता किती दिवस?"

"मूळ डिझाइनरचं समाधान होईपर्यंत. त्याचं परतीचं तिकीट पुढे ढकला. आणि सर, दुपारी त्याला खालून बेअरिंग बघायची आहेत. तुम्ही फोटोसाठी उभे असाल तर जरा डावीकडे सरका."

फोन ठेवला तेव्हा पडद्यावर नवनाथ चालत होता. या टोकाकडून त्या टोकाकडे. घाई नव्हती. हातमोजे काढून खिशात टाकले होते आणि कठड्यावरून उघडा हात फिरवत होता. एके ठिकाणी थांबून त्याने बर्फाला बोटाने हळूच ढकललं. कठड्यावरचा अख्खा थर सुटला, घसरला आणि खाली पन्हळीत जाऊन पडला. तो वळून कारीनबाईंकडे बघत मराठीत ओरडला, "बघा! पोळपाटावर असाच घसरला होता!" बाईंनी मान डोलावून ते नोंदवून घेतलं.

वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि माझ्या नाकात काहीतरी गेलं होतं.

दोन दिवस तो पुलावर होता. तिसऱ्या दिवशी दुसरा नारळ आणला, तो चांगला निघाला, आणि फीत कापली गेली. आदल्या संध्याकाळी त्याचा मला फोन आला होता. अहवाल बंद करायचा म्हणून मी रीतसर विचारलं, तपासणीत काही सापडलं का?

"काय नाय. सगळं जागच्या जागी आहे."

"पहिल्या नमुन्याचं काय केलं?"

"नष्ट केला. कलमाप्रमाणं. पुलावर चालता चालता दोन्ही भकलं संपवली."

मी ते लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "कसा होता रे?"

तिकडे वारा वाजत होता. त्यातून त्याचं हसू ऐकू आलं.

"गोड," तो म्हणाला. "लय गोड."